मदत हवी आहे: एमएससीचा इतिहास (तातडीचं, सोमवारच्या आत)

घाईतला_गण्या
नमस्कार मंडळी. एमएससीचा इतिहास हवा आहे. थोडक्यात चालेल, पण बरोबर हवा. तीन ठिकाणी तीन वेगळ्या गोष्टी लिहिल्यात आणि डोकं फिरायची वेळ आली आहे. नक्की कुठलं धरायचं? सोमवारी सकाळी द्यायचं आहे. "गूगल करा" असं कृपया कोणी लिहू नये, करून झालंय.

पोटमाळा
इतिहासात एमएस्सी नसते हो, एमए असते. भूगोलात मात्र दोन्ही करता येतं, माझ्या मेहुणीने केलंय. तुम्ही पदवी कशात घेतलीत ते आधी सांगा, मग पुढचं बोलू.

शेवंतीची_आई
पोटमाळा, हे मला माहीत नव्हतं. आमच्या चिरंजीवांचं बीएस्सी केमिस्ट्री झालं आहे. त्याला भूगोलात जाता येईल का?

घाईतला_गण्या
अहो शिक्षण नाही! जहाजांची एमएससी. कंटेनरवर ढबोल्या अक्षरांत लिहिलेलं असतं ती. एका कुटुंबाने काढलेली, जगात एक नंबर. मला वाटलं हे सांगायची गरज नाही.

जुना_खलाशी
जगात एक नंबर आणि कुटुंबाची म्हणजे मर्स्क. नावात गोंधळ झालाय तुमचा. लिहून घ्या. १९०४, डेन्मार्कमधलं स्वेन्बोर्ग. कप्तान पीटर मर्स्क मोलर आणि त्यांचा मुलगा ए. पी. मोलर. पहिली बोट जुनी, वापरलेली, वाफेवरची. चिमणीवरचा सात टोकांचा पांढरा तारा त्याही आधीचा आहे. १८८६ मध्ये पीटरसाहेबांची बायको आजारी होती. ढगाळ रात्री त्यांनी देवाकडे खूण मागितली आणि एक तारा दिसला. बायको बरी झाली, तारा बोटीवर चढला. मी बावीस वर्षं बोटीवर काढली आहेत. असा इतिहास दुसऱ्या कोणाकडे दाखवा.

घाईतला_गण्या
काका, गोष्ट छान आहे, पण मला एमएससीच हवी आहे. मर्स्क नाही.

डबेवाली_सई
खलाशीकाका, तुमचा एक नंबर जुना झाला. जानेवारी २०२२ मध्ये एमएससी पुढे गेली. तेव्हाचे आकडे माझ्या पाठ आहेत, कारण ऑफिसात यावरून पैज लागली होती: एमएससी ४२,८४,७२८ टीईयू (बोटींवर वीस फुटी डबे, म्हणजे कंटेनर, किती मावतात त्याचं माप), मर्स्क ४२,८२,८४०. फरक १,८८८ डब्यांचा, म्हणजे एका लहानशा बोटीचा. आता तो फरक फार मोठा झालाय, एमएससी ६० लाखांच्या पुढे आहे.

गण्या, आधी हे सांग की तुला कशासाठी हवंय? निबंध, मुलाखत, की कोणाला माल पाठवायचाय?

जुना_खलाशी
संख्येने काय होतं ताई. त्यांनी २०२० नंतर बाजारात दिसेल ती जुनी बोट उचलली. भंगारात जायची ती यांच्याकडे गेली.

डबेवाली_सई
आणि मर्स्कच्या पहिल्या बोटीबद्दल आत्ताच कोणी "जुनी, वापरलेली" लिहिलं बरं?

ढगातला_बाळू
ती सुएझमध्ये आडवी अडकली होती तीच ना ही? आमच्याकडे तेव्हा रोज तेच बघायचो. एक छोटा जेसीबी बिचारा उकरतोय.

डबेवाली_सई
नाही. ती एव्हर गिव्हन. मार्च २०२१. मालक जपानी, चालवणारी तैवानची एव्हरग्रीन. तीही एका माणसाने काढलेली, चांग युंग-फा यांनी, १९६८ मध्ये, एका बोटीवर. ते २०१६ मध्ये गेले आणि मुलांमध्ये वारसावरून जुंपली. पण तो वेगळा धागा होईल.

ढगातला_बाळू
काढा ना धागा. भांडणाचा असेल तर मी येतो.

मार्सेलचा_मावळा
कुटुंबाच्या कंपनीचा विषय आहे आणि कोणी फ्रान्सच्या सीएमए सीजीएम या जहाज कंपनीचं नाव घेत नाही, कमाल आहे. जॅक साडे. जन्म बैरूत. लेबनॉनमध्ये यादवी पेटली, म्हणून १९७८ मध्ये बायकामुलांना घेऊन मार्सेलला आला. एक भाड्याची बोट, चार माणसं, मार्सेल ते बैरूत फेरी. १९९६ मध्ये फ्रान्स सरकारची सीजीएम ही जहाज कंपनी विकायला निघाली ती घेतली. आता मुलगा रोडोल्फ बघतो. गण्या, माझं ऐक, विषय बदल. ही गोष्ट सांगायला जास्त रंगते.

घाईतला_गण्या
विषय माझ्या हातात नाही हो!! बरं, सगळं सांगतो. मी नुकताच एका फॉरवर्डिंगच्या (लोकांचा माल जहाजाने पाठवून देणाऱ्या) ऑफिसात लागलोय. नवीन आलेल्या पोरांना प्रत्येक मोठ्या लाइनची, म्हणजे जहाज कंपनीची, एकेक स्लाइड करायला दिली आहे. साचा ठरलेला आहे: संस्थापक, साल, स्थापनेचं शहर, देश, पहिली बोट. मी लिहिलं "इटालियन कंपनी, स्थापना जिनिव्हा, १९७०". साहेबांनी लाल पेनाने गोल केला आणि बाजूला फक्त "?" काढलं. एका ठिकाणी नेपल्स आहे, एका ठिकाणी ब्रसेल्स आहे, सगळीकडे पत्ता जिनिव्हाचा आहे. आणि देश? इटली म्हणू की स्वित्झर्लंड? स्वित्झर्लंडला तर समुद्रच नाही.

पोटमाळा
हे आधीच लिहिलं असतं तर मी एवढं टंकलं नसतं.

डबेवाली_सई
आता कळलं. तुझ्या ओळीत तीन गोष्टी एकत्र झाल्यात. त्या सुट्या कर.

माणूस इटालियन: जानलुइजी आपोन्ते, सोरेंतोच्या बाजूचा, १९४० चा जन्म. तो भाग म्हणजे खलाशांचं आगर. हा नेपल्सच्या आखातात काप्रीच्या फेरीबोटींवर होता. तिथेच राफाएला भेटली, ती स्वित्झर्लंडची, बँकवाल्याची मुलगी. लग्न झालं. मग १९७० मध्ये दोन लाख डॉलर कर्ज काढून पहिली बोट घेतली. नाव पॅट्रिशिया. दुसरीचं नाव राफाएला, बायकोवरून. भूमध्य समुद्र ते सोमालिया असा धंदा सुरू झाला. तेव्हा डबे बिबे नव्हते, सुटा माल. कंटेनर पुढे आले.

ऑफिस स्विस: जिनिव्हाला १९७८ पासून. म्हणजे तुझं "स्थापना जिनिव्हा, १९७०" हे चूक आहे, साहेबांचा गोल बरोबर आहे.

जुना_खलाशी
बोटीवरचा झेंडा मात्र ना इटलीचा, ना स्विसचा. पनामा, लायबेरिया. २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या तोंडाशी खलिजिया-३ शी टक्कर होऊन कलंडली ती एमएससी चित्रा. नावावरून आमच्या शेजाऱ्यांना ती भारतीय वाटली होती. झेंडा पनामाचा.

ढगातला_बाळू
तिचे डबे पाण्यात पडले होते ना? बिस्किटं तरंगत आली होती म्हणे.

जुना_खलाशी
तेल पण आलं होतं. त्याचं बोला. बंदर काही दिवस बंद होतं.

मार्सेलचा_मावळा
हे बघा, जिनिव्हा का, हा खरा प्रश्न आहे. कर.

डबेवाली_सई
एका शब्दात मिटवू नका. बायको तिथली, जहाजांना पैसा पुरवणाऱ्या बँका तिथे, धान्य नि तेलाचे मोठे व्यापारी तिथे. समुद्र लागतो तो बोटीला, ऑफिसला टेबल आणि फोन पुरतो. गण्या, समुद्राचं कोडं एवढंच आहे.

घाईतला_गण्या
ठीक. पण "स्थापनेचं शहर" हा रकाना रिकामा राहतोय. नेपल्स की ब्रसेल्स? एकच सांगा.

मार्सेलचा_मावळा
ब्रसेल्स. अँटवर्पला त्यांचा पसारा केवढा आहे बघ.

पोटमाळा
नेपल्स. माणूस तिथला आहे तर कंपनी तिथलीच असणार. साधा तर्क.

डबेवाली_सई
अँटवर्पचा पसारा नंतरचा आहे आणि पोटमाळा यांचा तर्क त्यांच्या भूगोलासारखा आहे. गण्या, रकानाच काढ. कंपनी शेअर बाजारात नाही, नवरा-बायकोची निम्मी-निम्मी आहे, ताळेबंद छापत नाहीत. अशा घरातल्या पन्नास वर्षांपूर्वीच्या गोष्टीवर स्लाइडमध्ये पैज लावू नये. "मुख्यालय: जिनिव्हा, १९७८ पासून" असा रकाना कर. त्यावर कोणी गोल काढणार नाही.

घाईतला_गण्या
साचा बदलला तर साहेब चिडतील.

डबेवाली_सई
चुकीचं शहर लिहिलंस तर जास्त चिडतील.

जुना_खलाशी
निम्मी-निम्मी हे ठीक, पण घराणं म्हणायला पिढ्या लागतात. मर्स्कला पीटर, ए. पी., मग मर्स्क मॅक-किनी मोलर. हे ९८ वर्षांचे होऊन २०१२ मध्ये गेले, आणि तोवर ऑफिसला जायचे. आता पाचवी पिढी आहे. कंपनी कोपनहेगनच्या बाजारात आहे, तरी मतांची किल्ली घराच्या प्रतिष्ठानाकडेच. एमएससीची तर आत्ता दुसरी पिढी.

डबेवाली_सई
दुसरी आहे पण सगळी कामाला लागलेली आहे. मुलगा डिएगो समूहाचा अध्यक्ष, मुलगी अलेक्सा पैशांचं बघते, जावई क्रूझच्या बोटी बघतो. राफाएलाबाई क्रूझच्या आतल्या सजावटीत लक्ष घालतात. २०१५ ची मोठी बोट एमएससी ऑस्कर, ते नातवाचं नाव. फक्त एक खुर्ची बाहेरच्याला दिली, २०२० च्या अखेरीस, सीईओची. सोरेन टोफ्ट. ते आधी कुठे होते ते खलाशीकाका सांगतील.

जुना_खलाशी
मर्स्कला होते. माहीत आहे.

डबेवाली_सई
आणि २०१५ ते जानेवारी २०२५ दोघे एकमेकांच्या बोटींवर डबे ठेवत होते, टू-एम नावाने. इथे आपण उगाच भांडतोय.

शेवंतीची_आई
क्रूझ म्हणजे हीच कंपनी का? आम्ही चौकशी केली होती. खोलीला खिडकी हवी असेल तर जास्त पैसे म्हणाले.

डबेवाली_सई
हीच, ताई. ८० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी नेपल्सच्या लाउरोंची प्रवासी कंपनी घेतली, त्यातून ते झालं. खिडकीचं मला माहीत नाही.

गण्या, नव्या पोरांसाठी आहे ना? मग इतिहासाइतकंच हे घाल. डब्याच्या दारावर उजवीकडे वरती चार अक्षरं असतात, मग सहा आकडे, मग चौकटीत एक आकडा. चौथं अक्षर यू. एमएससीचे एमएससीयू किंवा एमईडीयू, मर्स्कचे एमएसकेयू किंवा एमएईयू. म्हणजे सी आणि के, एवढाच फरक. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी सी चा के वाचला. फोटो पावसातला होता. अर्धा दिवस मर्स्कच्या साइटवर एमएससीचा डबा शोधत बसले आणि वर त्यांच्याच माणसाला फोनवर झापलं. चौकटीतला शेवटचा आकडा ह्याचसाठी असतो, आधीच्या अक्षर-आकड्यांवरून गणित करून तो येतो. अक्षर चुकलं की तो सहसा जुळत नाही. मला ते कोणी सांगितलं नव्हतं.

मार्सेलचा_मावळा
सीएमए सीजीएमचे सीएमएयू. कोणाला हवं असेल तर.

घाईतला_गण्या
सई ताई, हे सोन्यासारखं आहे. स्लाइड अशी केली आहे, बघा:

"एमएससी (मेडिटेरेनियन शिपिंग कंपनी). सुरुवात: १९७०. संस्थापक: कॅप्टन जिआनलुइगी अपोंटे (इटली) आणि पत्नी राफाएला. पहिली बोट: पॅट्रिशिया, दुसरी: राफाएला. पहिला मार्ग: भूमध्य समुद्र ते सोमालिया. मुख्यालय: १९७८ पासून जिनिव्हा. मालकी: कुटुंबाची, शेअर बाजारात नाही. क्षमतेत जगात पहिली: जानेवारी २०२२ पासून. डब्यावर: एमएससीयू, एमईडीयू."

शहराचा रकाना काढला. होऊ दे काय व्हायचं ते.

पोटमाळा
जिआनलुइगी नाही, जानलुइजी. इटालियनमध्ये जी नंतर आय आला की ज. सई ताईंनी वर बरोबर लिहिलंय.

मार्सेलचा_मावळा
मग अपोंटे पण नाही, आपोन्ते. इटालियन त कुठे ट होतो?

ढगातला_बाळू
मी मर्स्कला इतके दिवस माएर्स्क म्हणत होतो.

घाईतला_गण्या
साहेब काय म्हणतात तेवढं सांगा रे कोणीतरी. फॉरवर्डिंगवाले काय म्हणतात?

जुना_खलाशी
फॉरवर्डिंगवाले काहीही म्हणतात. त्या कंपनीत सगळे त्याला "कोमांदान्ते" म्हणतात, म्हणजे कप्तान. तेच कंसात टाक. आणि पहिल्या बोटीपुढे "वापरलेली" लिही. ती जर्मन होती आणि जुनी होती. ते लपवू नकोस.

डबेवाली_सई
काका, पटलं.

शेवंतीची_आई
पोटमाळा, केमिस्ट्रीनंतर भूगोलाचं राहिलंच.