लंडन की बर्लिन? दोन्हीकडे राहिलेल्यांनी अनुभव सांगा

आम्ही सहा वर्षं लंडनला, हॅरोमध्ये राहतो. मुलगी दीड वर्षाची आहे. नवऱ्याला बर्लिनची नोकरी आली आहे. पगार जरा कमी, पण इथे माझा निम्म्याहून जास्त पगार नर्सरीतच जातो. घरभाडं, पाळणाघर, दवाखाना, आपली माणसं, जे आठवेल ते सविस्तर लिहा. आठवड्याभरात कळवायचं आहे.

•

पाळणाघरासाठी डोळे मिटून बर्लिन. तिथे 'किटा', म्हणजे पाळणाघर, २०१८ पासून सगळ्या वयाच्या मुलांना मोफत आहे, जेवणाचे तेवढे महिन्याला २३ युरो. पण आधी 'गुटशाइन', म्हणजे सरकारी कुपन, काढावं लागतं आणि जागा आपली आपण शोधायची. आम्ही तीसेक ठिकाणी ईमेल पाठवले, उत्तरं चार आली. शिवाय सुरुवातीचे काही आठवडे आई किंवा बाबाने मुलाबरोबर तिथे बसायचं असतं. आधी तासभर, मग हळूहळू जास्त वेळ. माझा मुलगा अकराव्या दिवशी मागे न बघता आत पळाला. एकाची रजा त्यासाठी नक्की राखून ठेवा.

•

बर्लिनच्या घराचं बोलते. जाहिरातीतलं भाडं 'काल्ट', म्हणजे नुसत्या घराचं असतं, हीटिंग-पाणी धरून 'वार्म'. वीज बहुतेक वेगळीच. डिपॉझिट तीन काल्ट भाड्यांपर्यंत मागतात, लंडनला आमचं पाच आठवड्यांचं होतं. आणि स्वयंपाकघर आहे का, हे आधी विचारा! आमच्या घरात त्या जागी चार भिंती, टोपण लावलेले दोन पाइप आणि भिंतीतून आलेली जाड वायर, एवढंच होतं. ओटा, सिंक, शेगडी सगळं आधीचे भाडेकरू काढून घेऊन गेले होते. तिथे ही रीतच आहे. दीड महिना हॉटप्लेटवर खिचडी केली आणि भांडी बाथटबमध्ये घासली. ओटा बसला त्या दिवशी पुरणपोळी केली.

•

लंडनला व्हिसाबरोबर मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार, म्हणजे सरकारी दवाखान्यांसाठीचे जादा पैसे, भरताना आमचं कंबरडं मोडलं होतं. बर्लिनला विमा पगारातून कापला जातो, साधारण अर्धा कंपनी भरते. सरकारी विम्यात मुलं फुकट.

•

मी उलटा प्रवास केला, बर्लिनहून लंडनला, आणि त्याचा मला आनंद आहे. खर्च वाढला, हे खरं. पण इथे वेम्बलीच्या ईलिंग रोडवर मेथी-कढीपत्ता चालत जाऊन आणते. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासूनचं. बर्लिनला रात्री मुलाला ताप चढला, तेव्हा फोनवर 'धाप लागते आहे' हे जर्मनमध्ये सांगता येईना. शेवटी शेजारच्या आजी गाउनवरच आल्या आणि माझ्या हातातून फोन घेऊन बोलल्या. तुम्ही गेलात तर जर्मनचा क्लास इथूनच सुरू करा. नवऱ्याबरोबर तुम्हीही.