सेलेनोसिस्टीन कुणी बनवावं, आपण की पेशीने?

प्रयोगवही:
परवा एका व्याख्यानात ऐकलं, की सेलेनियमवाली अमिनो आम्लं फ्लास्कमध्ये बनवणं ही आता नुसती हौस आहे. यीस्ट आणि जिवाणू तेच काम निमूट करतात. सेलेनोमेथिओनीनपुरतं मान्य. यीस्टला सेलेनियम द्या, गंधकाच्याच वाटेने ते मेथिओनीनमध्ये जाऊन बसतं. सेलेनोसिस्टीनचं, म्हणजे गंधकाच्या जागी सेलेनियम असलेल्या सिस्टीनचं, तसं नाही. पेशी आधी टीआरएनएवर, म्हणजे अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या रेणूवर, सेरीन हे अमिनो आम्ल चढवते आणि तिथल्या तिथे त्याचं सेलेनोसिस्टीन करते. त्याचा कोडॉन (आरएनएवरचा तीन अक्षरी शब्द) यूजीए, म्हणजे एरवी प्रथिनाचा पूर्णविराम! आरएनएची ठरावीक घडी असेल तरच तो वेगळा वाचला जातो. मनाजोगत्या जागी सेलेनियम हवं, तर संश्लेषणाइतकी सरळ वाट मला दिसत नाही.

आम्लपित्त:
सरळ? स्वतः केलंय का कधी? सेलेनियमची पूड बोरोहायड्राइडने क्षपित करायची, मग बीटा-क्लोरोअ‍ॅलानीनवर सोडायची. चुकून आम्ल पडलं की हायड्रोजन सेलेनाइड, सल्फाइडपेक्षाही विषारी. वास हूडबाहेर (वायू ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर) गेला की अख्खा मजला तुमच्या नावाने खडे फोडतो. आम्लारी जरा जास्त झाली की एलिमिनेशन होऊन (गट गळून) डीहायड्रोअ‍ॅलानीन. त्यावर सेलेनियम परत चढतं, पण मग डी आणि एल या आरशातल्या जोडरूपांची सरमिसळ. एवढं करून सेलेनॉल (मोकळा सेलेनियम-हायड्रोजन गट) हाती नाहीच. हवेने जोडी जमवलेलं डायसेलेनाइड.

प्रयोगवही:
जोडी जमली तर बिघडलं काय? साठवायला तेच बरं, लागेल तेव्हा क्षपण करा. सरमिसळीची तक्रार मात्र खरी, तिथे हात जपूनच चालवावा लागतो. पण सेलेनॉलचा पीकेए (जितका कमी, तितका हायड्रोजन सहज सुटतो) सुमारे ५.२, सिस्टीनच्या थायॉलचा ८.३. उदासीन पाण्यातही ते बहुतांशी आयनरूपात असतं, म्हणून पेप्टाइडचे (अमिनो आम्लांच्या साखळीचे) तुकडे झटक्यात जोडतं. २००१ पासून ही जोडणी वापरात आहे.

काठावरचा:
त्यातली गंमत सांगू? २०१० मध्ये डॉसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की जोडणी झाल्यावर फॉस्फीनने सेलेनियम उडवता येतं. मागे उरतं साधं अ‍ॅलानीन, शेजारची सिस्टीनं शाबूत.

आम्लपित्त:
म्हणजे वास सोसून बसवा आणि मग काढून टाका! त्यापेक्षा स्फटिकशास्त्र बघा. १९९० मध्ये हेंड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी ई. कोलायकडून सेलेनोमेथिओनीनवाली प्रथिनं करवून घेतली, प्रथिनाची रचना काढताना अडणारं क्ष-किरणांच्या फेजचं (लहरींच्या कलेचं) कोडं सोपं झालं. राबला जिवाणूच.

प्रयोगवही:
जिवाणूने ते फक्त बसवलं. सेलेनोमेथिओनीन माध्यमात आयतं ओतलं होतं. ते कुठून आलं?

आम्लपित्त:
बरं, हा एक गुण तुमचा. तरी माझ्या हूडमध्ये नको.