फिलाडेल्फियातलं फ्रँकलिनचं घर पुन्हा बांधायला हवं होतं का?

पाऊलवाट:
मार्केट स्ट्रीटवरच्या कमानीतून आत गेलं की फ्रँकलिन कोर्ट नावाचं अंगण लागतं. अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने 1763 मध्ये इथे घर बांधायला घेतलं, 1790 मध्ये तो याच घरात वारला आणि 1812 मध्ये वारसांनी ते पाडलं. आज तिथे घराच्या आकाराचा पोलादी सांगाडा आहे. वास्तुरचनाकार रॉबर्ट व्हेंचुरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो 1976 मध्ये उभारला. भिंती नाहीत, छप्पर नाही. मला हे पटत नाही. ज्याने या शहराला एवढं दिलं, त्याच्या घरात पाऊल टाकता यायला हवं.

उंबरठा:
बांधणार कशावरून? घर बाहेरून कसं दिसायचं याचं भरवशाचं चित्र उरलेलं नाही. अंदाजाने विटा रचल्या की लोक तेच खरं धरून चालतात. आत्ता निदान उत्खननात सापडलेला मूळ पाया काचेतून बघता येतो.

आणि त्याने शहराला दिलं ते या चार भिंतींत नव्हतंच. 1731 मध्ये वर्गणी काढून ग्रंथालय, 1736 मध्ये आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचं पथक. रुग्णालयाची कल्पना डॉ. थॉमस बाँड यांची, पण पैसा उभा केला फ्रँकलिनने. लोकांनी 2000 पौंड जमवले तर सरकारनेही तेवढेच द्यावेत, असा ठराव त्याने विधिमंडळाकडून मंजूर करून घेतला. लोक एवढं जमवू शकणार नाहीत असं समजून विरोधकांनीही मान्यता दिली, आणि पैसे जमले. ते रुग्णालय आजही चालू आहे. त्याला बघायचं तर तिथे जा.

पाऊलवाट:
पैशाचा किस्सा मलाही आवडतो. पण तुम्ही घराला फार लवकर बाजूला सारता. हे घर त्याच्या बायकोचं, डेबराचं आहे. 1764 च्या अखेरीस नवरा लंडनला गेला, घर अजून पुरतं लागलंही नव्हतं. तिकडून तो पत्रांतून सूचना पाठवायचा, इथे सगळं निस्तरायची ती. 1765 मध्ये स्टँप कायद्यावरून, म्हणजे ब्रिटिशांनी छापील कागदांवर लावलेल्या करावरून, चिडलेला आणि त्यात फ्रँकलिनचा हात आहे असं समजणारा जमाव घरावर चालून येणार अशी बातमी आली. ती पळाली नाही. नातेवाईक बोलावले, बंदुका आणवल्या आणि ठाण मांडून बसली. 1774 च्या डिसेंबरात ती गेली, तो परतला पुढच्या मे महिन्यात. संस्थांच्या यादीत ही बाई कुठे दिसते?

केवडा:
डेबराबद्दल बोलताय तर त्या घरातल्या गुलामांबद्दलही बोला. फ्रँकलिन कुटुंबाकडे गुलाम होते, त्याच्या वर्तमानपत्रात गुलामविक्रीच्या जाहिराती छापल्या जात. उतारवयात तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला, 1790 मध्ये काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, गुलामगिरीविरुद्ध अर्जही केला. त्याचं मोल मी कमी करत नाही. पण सजवलेल्या दिवाणखान्यात लोक खुर्च्या बघतील, राबणारी माणसं नाही. म्हणून मला सांगाडाच बरा वाटतो.

उंबरठा:
पाऊलवाट, डेबराचा मुद्दा मान्य. पण तिथल्या फरशीवर नवराबायकोच्या पत्रांतले उतारे कोरलेत. तिचे स्वतःचे शब्द वाचता येत असताना नकली दिवाणखाना कशाला?

पाऊलवाट:
मोजके उतारे म्हणजे डेबरा नाही. बाहेरचं रूप माहीत नाही म्हणता, पण खोल्या आणि सामान यांबद्दल पत्रांत बरंच आहे. निदान तिची एक खोली तरी उभी करा, आणि केवडा म्हणतात ती माणसं तिथेच, नावानिशी दाखवा.