सहकुटुंब सिनेमा म्हणजे रडायला बंदी का?

काटछाट:
परवा इथे "मुलांसोबत निर्धास्त पाहावेत असे सिनेमे" अशी यादी आली. निकष तीनच: कुणी मरत नाही, आईबाबा भांडत नाहीत, शेवटी सगळे गळ्यात पडतात. 'श्वास' आणि 'किल्ला' मुद्दाम नाव घेऊन बाद केलेले, शेरा असा की "चांगले आहेत, पण मुलांना नकोत". त्याखाली वाहवांचा नुसता पूर. दोन ओळींच्या प्रतिसादानं भागेना, म्हणून हा वेगळा धागा.

मूल मोठं होण्याची गोष्ट सांगायची तर काहीतरी हातचं जावं लागतं, आणि ते परत आणणं मोठ्यांच्याही हातात नाही हे मुलाला कळावं लागतं. एवढं वगळलं की उरते शाळेची सहल. 'श्वास'मध्ये (२००४) नातवाच्या डोळ्यांना कॅन्सर आहे. ऑपरेशन केलं तर जीव वाचतो, दृष्टी जाते. शेवटच्या रिळात परदेशातून डॉक्टर येत नाही की नवस फळत नाही. आजोबा फक्त ऑपरेशनआधी पोराला हॉस्पिटलमधून गुपचूप बाहेर नेतात आणि डोळे आहेत तोवर जग दाखवून आणतात. 'किल्ला'त वडील गेलेले, आईची बदली कोकणात, मित्र जमतायत तोवर पुन्हा बदली. खलनायक कुणीच नाही, तरी पोराची चिडचिड शंभर टक्के खरी. त्याला बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात २०१४ साली क्रिस्टल बेअर हा पुरस्कार मिळाला तो मुलांच्या ज्युरीकडून. मग "मुलांना नको" हे ठरवलं कुणी?

खोटा कौटुंबिक सिनेमा ओळखायला फार अक्कल लागत नाही. शेवटाकडे बाप दोन मिनिटं बोलतो, मुलाच्या ओल्या डोळ्यांचा क्लोजअप, मागे व्हायोलिन. ते भाषण मनातल्या मनात कापा. गोष्ट उभी राहिली तर सिनेमा ठीक. कोसळली तर पटकथेनं जे दाखवायचं ते भाषणावर ढकललं होतं. 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७) हा इराणी सिनेमा घ्या. बहिणीचे बूट हरवतात, दोघं भावाची एकच जोडी आळीपाळीनं घालतात. शर्यतीत तिसऱ्या नंबराला बूट आहेत म्हणून तो धावतो आणि चुकून पहिला येतो. लोक फोटो काढतायत आणि हा रडतोय! बापाच्या सायकलवर नवे बूट आहेत ते आपल्याला दिसतात, पोरांना नाही. ना मिठी ना भाषण. हा मुलांसोबत पाहायचा नाही?

लिंबूटिंबू:
उत्तम निबंध. आता प्रेक्षागृहात या.

बर्लिनच्या त्या ज्युरीत सिनेमाची आवड असलेली, निवडून घेतलेली मोठी मुलं असतात. यादी ज्यांच्यासाठी होती त्या घरात एक पाच वर्षांचं, एक अकरा वर्षांचं आणि एक आजी, तिघंही एकाच सोफ्यावर. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मृत्यू कायमचा असतो हेच धड कळलेलं नसतं. त्याला कळतं एवढंच की आई दिसेनाशी झाली आणि कुणी काही सांगत नाही. हरणाच्या पाडसाच्या 'बांबी' या कार्टूनपटात (१९४२) आईचा मृत्यू पडद्यावर दाखवलेलाच नाही. पळापळ, गोळीचा आवाज, मग बर्फात एकटं पाडस. न दाखवूनही तोच प्रसंग लोकांच्या डोक्यात राहिला. लहान मुलांना नुसता आवाज आणि रिकामी जागासुद्धा घाबरवते, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं.

म्हणूनच सिनेमाच्या कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनं यू/ए चे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या सिनेमांच्या प्रमाणपत्राचे) वयानुसार तीन तुकडे केले: ७+, १३+, १६+. 'सहकुटुंब' हे एक वय नाही, हे सेन्सॉर बोर्डालासुद्धा उमगलं. यादीकर्त्यानं पाचच्या वयाला धरून यादी केली असेल तर त्यात गुन्हा काय?

काटछाट:
गुन्हा हाच की यादीवर वय लिहिलेलं नाही. "मुलं" म्हणून सरसकट चौदापर्यंतची सगळी एका दावणीला. शिवाय यू/ए चे आकडे पालकांना सूचना म्हणून आहेत, दारावर अडवायला नाहीत. ठरवायचं शेवटी घरानंच. आणि घर ठरवतं कशावरून, तर अशा याद्यांवरून.

'टोटोरो' या जपानी कार्टूनपटात (१९८८) आई पूर्ण वेळ हॉस्पिटलमध्ये आहे, धाकटी हरवते, तळ्यात चप्पल सापडते तेव्हा गाव हादरतं. तरी चार वर्षांची मुलं तो बघतात. का? कारण भीतीच्या प्रत्येक प्रसंगानंतर दिग्दर्शक श्वास घ्यायला जागा देतो. पाऊस, बसस्टॉप, छत्री, काहीही घडत नाही असे निवांत प्रसंग. दुःख किती यापेक्षा दोन दुःखांत अंतर किती, हे मोजा.

कानसेन:
तुम्ही दोघं मरण मोजताय. मुलांना सिनेमा खोटा वाटतो तो पहिल्या दहा मिनिटांत, कुणी मरायच्या आधी. कारण पडद्यावरचं पोर बोलतं ते त्याचं बोलणंच नसतं, डबिंग असतं.

आपल्याकडे वर्षानुवर्षं काय चाललं? बालकलाकाराला आवाज द्यायला प्रौढ बाई. मोठ्या माणसाची स्वरनलिका लांब असते. स्वर कितीही वर चढवला तरी आवाजाचा पोत मोठ्या माणसाचाच राहतो आणि कान ते लगेच पकडतो. दुसरा प्रकार, मूल स्वतःच डबिंग करतं, पण शूटनंतर सहा-आठ महिन्यांनी. अंधाऱ्या खोलीत, समोर कागद, कानात तीन टिकटिक आणि चौथ्याला बोल. मूल वाचतं. वाचल्यासारखंच ऐकू येतं. वाक्याआधीचा श्वास, अडखळणं, शब्द गिळणं, सगळं गायब. आणि नायक बारा-तेराचा असेल तर दरम्यान आवाज फुटलेला. मग 'पिच' वर ओढा, की तो खारूताई.

भावंडांच्या सिनेमात तर हा घात आहे. भावंडं एकमेकांचं वाक्य तोडून बोलतात. डबिंगमध्ये एकेकाला वेगळं उभं करतात, एक थांबतो मग दुसरा सुरू होतो. त्या शिस्तीत भावंडपण मरतं. सिंक साऊंड, म्हणजे शूटच्या वेळीच रेकॉर्ड केलेला आवाज, नसेल तर मुलांचा सिनेमा करूच नये, माझं स्पष्ट मत.

मागची रांग:
आली पालखी सिंक साऊंडची. तुम्ही साऊंडवाले की पुजारी?

सिंकनं सगळं सुटतं असं सांगणाऱ्यांनी आठ पोरांचा खेळाचा सीन ऐकावा. लेपल (कपड्याला टाचायचा छोटा माईक) लावला तर शर्टाची खसखस, पळताना माईक छातीवर आपटतो, घामानं टेप सुटते. बूम (लांब काठीवरचा माईक) धरला तर मूल ठरल्या जागी थांबत नाही, मध्येच मान फिरवतं, वाक्याचा शेवट खांद्यात जातो. शेजारी रस्ता, वर पत्रा, बघ्यांची गर्दी. चांगला टेक आवाजासाठी फुकट घालवून पाचवा घ्यायचा, आणि मुलाचा पाचवा टेक म्हणजे काय ते सांगायला नको. पहिल्या-दुसऱ्यात जे सापडतं ते नंतर येत नाही. आवाज शुद्ध, अभिनय मेलेला.

शिवाय जुन्या काळच्या चांगल्या मुलांच्या सिनेमांचं काय करू? हाताळायला सोपे फिल्म कॅमेरे इतका खडखडाट करायचे की नंतर डबिंग करण्यावाचून इलाज नसे. ते सगळे खोटे?

कानसेन:
पाचवा टेक घ्या असं मी कुठे लिहिलं? वाचा तरी.

टेक घ्या, आवाज बिघडला तर बिघडू द्या. कट म्हटल्यावर मुलाला जागचं हलू न देता, मेकअप-बिकअप मध्ये न आणता, त्याच कपड्यांत तीच वाक्यं दोनदा बोलून घ्या, कॅमेरा बंद. याला वाइल्ड ट्रॅक म्हणतात आणि दोन मिनिटं लागतात. दम लागलेला असतो, सूर तोच असतो, समोर तोच भाऊ उभा असतो. नव्वद टक्के सीन एवढ्यावर निभावतो. त्या जागेची नुसती शांतता तीस सेकंद वेगळी घ्या, नाहीतर जोडकामात भोकं पडतात. मूल फिरतं म्हणता? दोन बूम ठेवा, तिसरा माईक टेबलावरच्या डब्यामागे लपवा. लेपल शर्टावर न लावता आतल्या बनियनला लावा, वायरला एक सैल फास द्या, ओढ माईकपर्यंत पोचत नाही.

आणि डबिंग करायचंच तर कागद काढून घ्या. दिग्दर्शकानं कानात अर्धं अर्धं वाक्य बोलावं, मुलानं ऐकून म्हणावं. दोन्ही भावंडं एका माईकपुढे उभी. धापा टाकायच्या असतील तर जिना चढून येऊ द्या. पाऊण तासाहून लांब सत्र नको. हे सगळं फुकटात होतं. होत नाही कारण मुलाच्या आवाजाला कुणी काम समजत नाही.

उंबरठा:
"जिना चढून येऊ द्या", "दोन मिनिटं अजून बोलून घ्या". वा. तुम्हा सगळ्यांच्या चर्चेत मूल म्हणजे सामान आहे, सामान नीट वाजतंय का एवढीच चिंता.

चौदाखालच्या कलाकाराला दिवसाला पाच तासांच्या वर काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही. आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार माणूस. कमाईतले किमान वीस टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. हे कायद्यात २०१७ पासून लिहिलेलं आहे. सेटवर "पाच तास" कुठून मोजतात, कॉल टाइमपासून की पहिल्या टेकपासून, यावर सगळी मखलाशी चालते. मूल सकाळी सातला आणतात, दुपारी तीनला पहिला शॉट, आणि म्हणे आत्ताच तर काम सुरू झालं. 'बालपणाचा हळुवार वेध' घेणारे सिनेमेसुद्धा यात आले.

दोन शेड्यूलमध्ये चार महिन्यांचं अंतर पडलं की सहा-सात वर्षांच्या पोराचे पुढचे दुधाचे दात पडलेले असतात. पहिल्या सीनला दात, दाराबाहेरच्या सीनला बोळकं. मग तात्पुरते दात बसवा, त्यानं पोराचे उच्चार बोबडे, की पुन्हा तुमचं डबिंग. बारा-तेराचं असेल तर चड्डीच आखूड झालेली. कपड्यांचा मोठ्या मापाचा दुसरा संच आधीच शिवून ठेवायचा असतो, तो कुणी ठेवत नाही. मुलाची सगळी कामं सलग एकाच शेड्यूलमध्ये बसवा, मोठ्या नटांच्या तारखा त्याभोवती फिरवा. करतं कुणी? उलटंच होतं, नटाच्या तारखा आल्या की पोराची परीक्षा बुडते.

मागची रांग:
याला मात्र सलाम. आणि वाइल्ड ट्रॅकचं मान्य, कानसेन, घ्या, उदबत्ती लावा. पण "सिंक नसेल तर करूच नये" हे मागे घ्या. 'बॉयहूड'सारखा बारा वर्षं एकाच मुलाला घेऊन थोडं थोडं शूट करणारा एखादाच. बाकीच्यांना तीस-पस्तीस दिवसांत आटपायचं असतं.

कानसेन:
मागे घेत नाही.

आगाऊ कार्टी:
माईक, दात, चड्डी, सगळं झालं. पार्श्वसंगीत राहिलं. मूल खिडकीत बसलं की बासरी. दर वेळी. खिडकी आणि बासरीचा काही करार आहे का?

लिंबूटिंबू:
धागा कशावर होता, कुणाला आठवतंय का? पाच वर्षांच्या मुलाला काय दाखवायचं. एकालाही सांगता आलेलं नाही. लेपल बनियनला लावला म्हणून ते पोर रात्री आईला चिकटून झोपायचं थांबणार नाही.

काटछाट:
बरं, सांगतो. मोठ्यानं आधी एकट्यानं बघावा. सगळ्यात कठीण प्रसंग कुठल्या मिनिटाला आहे ते टिपावं आणि त्यानंतर सिनेमा किती मिनिटांत मुलाला सावरतो ते बघावं. पाच-सहाच्या वयाला हे अंतर पाच-सात मिनिटांच्या वर असेल तर थांबा. आठच्या पुढे चालतं. 'श्वास' दहाच्या आत नको, कारण त्यात भीती मुलाच्या शरीराला आहे आणि सावरणं फार उशिरा येतं. 'किल्ला' नऊला बिनधास्त. 'चिल्ड्रन ऑफ हेवन' सहाला, फक्त सबटायटल शेजारी बसून वाचून दाखवायला लागतील, आणि शर्यतीच्या वेळी ती कुणी ऐकणार नाही. मध्येच "पुढे काय होणार" सांगून टाकलं तरी लहान मुलांचा रस जात नाही, भीती मात्र निम्मी होते. हे न करता सरसकट "मुलांना नको" म्हणणं म्हणजे आळस.

लिंबूटिंबू:
म्हणजे 'श्वास' दहाच्या आत नको. यादीत दुसरं काय लिहिलं होतं?

काटछाट:
यादीत "मुलांना नको" होतं, "दहाच्या आत नको" नव्हतं. अकराचं पोर मोजायचं राहिलं, आणि त्या सोफ्यावर ते बसलंय असं तुम्हीच लिहिलंत.

लिंबूटिंबू:
अकराच्यानं पाचच्याला झोपवून मग बघावा. झालं समाधान?

उंबरठा:
पाचचं झोपत नाही हीच तर सगळी अडचण आहे. असो. आगाऊ कार्टी, बासरीवर वेगळा धागा काढा, मी येते.