शब्दचर्चा: 'हॅकर'ला मराठीत काय म्हणायचं, आणि नेमकं कोणाला?

रात्रपाळी
मंडळी, एका छोट्या दैनिकात रात्रीच्या पाळीला उपसंपादक आहे. काल एकाच पानावर तीन बातम्या आल्या. एका निवृत्त मास्तरांचा फोटो आणि नाव वापरून कोणीतरी फेसबुकवर दुसरं खातं उघडलं आणि ओळखीपाळखीच्यांकडे पैसे मागितले. एका कॉलेजच्या पोराने स्वतःच्याच कॉलेजच्या संकेतस्थळात शिरून मुखपृष्ठावर आपलं नाव झळकवलं. आणि एका कारखान्याचे सगळे संगणक कोणीतरी कुलूपबंद करून सोडवायचे पैसे मागितले. वार्ताहरांचे मथळे: 'फेसबुक हॅक', 'संकेतस्थळ हॅक', 'संगणक हॅक'. आमचे वृत्तसंपादक म्हणाले, पान बघून वाटतंय एकच माणूस गावभर फिरतोय.

तर मराठीत चांगला शब्द सुचवा. 'घुसखोर' वापरून पाहिला, पण तो वाचला की डोळ्यांसमोर सीमा आणि बर्फच येतो. हिंदी वाहिन्यांचा 'सेंधमार' आमच्या वार्ताहरांना फार आवडतो, मला नाही.

कीसकाढू
आधी मूळ शब्दाचा कीस काढू, मग मराठीकडे येऊ.

इंग्रजीत हॅक म्हणजे कुऱ्हाडीने वेडेवाकडे घाव घालणं. आजचा अर्थ आला तो अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतून, तोही संगणकावरून नाही तर खेळण्यातल्या रेल्वेवरून. तिथल्या मॉडेल रेल्वे क्लबच्या १९५५ च्या सभावृत्तांतात सूचना आहे की विजेच्या यंत्रणेवर काम किंवा 'हॅकिंग' करणाऱ्यांनी वीज बंद करावी, फ्यूज उडतात. म्हणजे हॅकर हा मुळात वायरी उचकटून 'हे असं केलं तर काय होईल' बघणारा प्राणी. यात चोरी कुठेच नाही. १९६३ साली तिथल्याच विद्यार्थी वर्तमानपत्रात टेलिफोन यंत्रणेशी खेळणाऱ्या 'हॅकर्स'ची तक्रार छापून आली आणि शब्दाला पहिला डाग लागला. पुढे १९८५ च्या सुमारास मूळच्या हॅकर मंडळींनी वैतागून फोडणाऱ्यांसाठी 'क्रॅकर' हा वेगळा शब्द काढला. तो चालला नाही. आपल्याकडे तर तो ऐकून लोक दिवाळीचे फटाके आणतील.

या मूळ अर्थाला मराठीत शब्द आहे: खटपट्या. गंमत अशी की खटपटीलाही आपल्याकडे दोन्ही अंगं आहेत. खटपट करणारा म्हणजे उद्योगी, आणि 'खटपटी-लटपटी' म्हटलं की कारस्थानी. इंग्रजीला जे व्हायला तीस वर्षं लागली ते आपल्या शब्दाच्या पोटातच आहे.

जुनं खोड
एवढं लांब कशाला जायचं? चोर, भामटा, उचल्या, ठग, वाटमाऱ्या, पेंढारी. मराठीला चोरांच्या शब्दांची ददात नाही.

माग काढणारी
आजोबा, 'भामटा' आणि 'उचल्या' जरा जपून. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या समाजांवर जन्मतः चोर असा शिक्का मारला, त्यांच्याच नावांचे हे शब्द झाले. कायदा १९५२ साली गेला, शब्द राहिले. एकाच्या कृत्यासाठी अख्ख्या जमातीचं नाव वापरायचं नसेल तर हे दोन सोडून द्या.

जुनं खोड
मान्य. माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं. पेंढारी मात्र सोडणार नाही, त्यावर नंतर लिहितो.

नाट्यवेडी
'सेंधमार'ला नाक मुरडणाऱ्यांनो, तो शब्द संस्कृत 'संधी'चाच नातू आहे. संधी म्हणजे भिंतीला पाडलेलं भगदाड, आणि त्याचा सगळ्यात देखणा जाणकार 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकाच्या तिसऱ्या अंकात भेटतो: शर्विलक.

हा ब्राह्मण चोर चारुदत्ताच्या घराची भिंत फोडायला बसतो तेव्हा आधी विचार करतो की भिंत कसली आहे. पक्क्या विटांची असेल तर विटा ओढून काढायच्या, कच्च्या असतील तर कापायच्या, मातीची असेल तर भिजवायची, लाकडी असेल तर चिरायची. मग भगदाडाच्या आकारांची यादी: उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक, पूर्णकुंभ... विटांच्या भिंतीला पूर्णकुंभ शोभेल असं ठरवून तो जानव्याने माप घेतो. उद्या सकाळी शेजाऱ्यांनी बघून वाहवा करावी ही इच्छा! तुमचा तो कॉलेजचा पोरगा, ज्याने मुखपृष्ठावर नाव झळकवलं, तो याच्याच घराण्यातला.

पण शर्विलक चोरी करतो कशासाठी? आपल्या प्रेयसीला, मदनिकेला दास्यातून सोडवायला पैसे हवेत म्हणून. कौशल्य एक, हौस दुसरी, हेतू तिसराच. आणि खरी मजा पुढे आहे. आत शिरल्यावर बिचाऱ्याला मृदंग-वीणेशिवाय काही सापडत नाही. दागिन्यांचा करंडा त्याच्या हातात कोण देतं? झोपेत बरळणारा मैत्रेय, चारुदत्ताचा मित्र! शपथ घालून देतो. एवढी कलाकुसर केलेलं भगदाड राहिलं बाजूला, ऐवज गेला तो घरच्याच माणसाने आपल्या हाताने दिला म्हणून.

व्हीएपीटीवाला
ताई, हा प्रतिसाद मी उद्या कंपनीच्या प्रशिक्षणात वाचून दाखवणार आहे. गेली अकरा वर्षं मी पगार घेऊन लोकांच्या यंत्रणा फोडतो, आणि दहातल्या निम्म्या वेळा मैत्रेयच सापडतो. "साहेब, आयटीतून बोलतोय, पासवर्ड रीसेट करायचाय." झालं. करंडा हातात.

आमच्या धंद्यात या कामाला, म्हणजे यंत्रणेतल्या कच्च्या जागा शोधून त्या फोडून बघण्याला, 'व्हीएपीटी' म्हणतात. 'नैतिक हॅकर' हा शब्द आमच्यात फक्त क्लासच्या जाहिरातीत दिसतो. मला तो आवडत नाही, कारण आमच्यात आणि चोरात फरक नीतीचा नाही, सहीशिक्क्याच्या कागदाचा आहे. कोणत्या मशीनला हात लावायचा, कोणत्या तारखांना, किती वाजेपर्यंत, हे आधी लिहून घेतो. तो कागद नसेल तर मी कितीही सज्जन असलो तरी आरोपीच.

आणि चांगल्या-वाईट हॅकरांना इंग्रजीत 'व्हाइट हॅट, ब्लॅक हॅट' म्हणतात, त्याचं कृपा करून 'पांढरी टोपी, काळी टोपी' असं शब्दशः भाषांतर करू नका. ते अमेरिकन काउबॉय सिनेमातून आलंय, तिथे नायकाची टोपी पांढरी असायची. आपल्याकडे पांढऱ्या टोपीने कोण आठवतं आणि काळ्या टोपीने कोण, हे लिहिलं तर धाग्याचा आखाडा होईल. शिवाय मराठीत टोपी *घालणे* म्हणजेच फसवणे!

कीसकाढू
टोपीचा मुद्दा बिनतोड. 'जागल्या' कसा वाटतो? गावची राखण करायचा, चोराचा माग काढायचा.

व्हीएपीटीवाला
शब्द झकास, पण हल्ली कार्यालयातला गैरकारभार उघड करणाऱ्याला जागल्या म्हणतात. एका शब्दावर दोन बिऱ्हाडं नकोत. आम्हाला 'तपासनीस' म्हणा, फार तर.

ताईंनी हेतूचा विषय काढला म्हणून सांगतो. बाहेरच्यापेक्षा मला भीती आतल्याची वाटते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या मरूची भागात २००० साली सांडपाण्याचे पंप आपोआप उलटसुलट चालायला लागले आणि सुमारे आठ लाख लिटर मैला ओढ्यांत आणि बागांत गेला. करणारा कोण, तर ती यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत काम केलेला माणूस. नगरपालिकेने नोकरी नाकारली म्हणून गाडीत रेडिओ संच घेऊन फिरायचा आणि पंपांना हुकूम सोडायचा. एक पैसा मिळवला नाही, दोन वर्षांची कैद मिळाली. याला मी 'हॅकर' म्हणूच शकत नाही. त्याने काही फोडलं नाही, त्याला सगळं माहीतच होतं.

जुनं खोड
याला घरभेदी म्हणतात. तुमच्या इंग्रजीत याला दोन शब्द लागतात, आपल्याकडे एकात काम होतं.

सातारकर वकील
थोडं कायद्याचं, कारण तिथे हाच वाद होऊन गेला आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये कलम ६६ च्या शीर्षकातच 'हॅकिंग' होतं. २००८ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला आणि तिथे 'संगणकाशी संबंधित अपराध' आलं. आता रचना अशी: परवानगीशिवाय शिरणं, माहिती उतरवून घेणं, विषाणू सोडणं अशा कृत्यांची यादी कलम ४३ मध्ये, तिथे भरपाई द्यावी लागते. तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे आपल्या कायद्याने कर्त्याला नाव देणं सोडलं आणि कृत्य व मनातला हेतू असे दोन खण केले.

अमेरिकेत उलटं झालं. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने २ नोव्हेंबर १९८८ ला इंटरनेटवर एक प्रोग्राम सोडला. आधीच लागण झालेल्या मशीनवरही तो सातांतून एकदा स्वतःची प्रत बसवायचा, म्हणून यंत्रं गुदमरली. 'मला नुकसान करायचं नव्हतं' हा त्याचा बचाव. १९९१ मध्ये अपील न्यायालय म्हणालं, शिरायचा हेतू होता एवढं पुरे, नुकसानीचा हेतू सिद्ध करायची गरज नाही. तीन वर्षं देखरेखीखाली, ४०० तास समाजसेवा, वर दंड. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला! त्याच्या कृत्याला मी मराठीत 'उपद्व्याप' म्हणेन. त्यात दुष्टावा नाही, पण माफीही नाही.

मास्तरांच्या बातमीला कलम ६६ड लागतं, वेष घेऊन फसवणूक. पोलिसांच्या कागदात तोतयेगिरी असा शब्द असतो. फेसबुक कोणी हॅक केलेलंच नाही.

नाट्यवेडी
तोतया! पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया आला तेव्हा पुण्यात कोणी 'भाऊसाहेब हॅक झाले' म्हणालं नाही.

रात्रपाळी
हा हा. वकीलसाहेब, मग २०१८ ला सगळ्यांनी कॉसमॉस बँकेवर 'सायबर दरोडा' छापलं ते?

सातारकर वकील
दरोड्याला पाच माणसं लागतात आणि बळजबरी किंवा धाक लागतो. माणसं भरपूर होती, धाक कोणालाच दाखवला नाही. ११ आणि १३ ऑगस्टला मिळून ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. एटीएमच्या व्यवहाराला होकार-नकार देणाऱ्या यंत्रणेच्या जागी तिचीच नकली यंत्रणा उभी केली होती. २८ देशांतल्या एटीएमवर बनावट कार्ड घातली, की नकली यंत्रणा म्हणायची 'द्या पैसे', आणि बँकेच्या मूळ हिशेबापर्यंत प्रश्न पोचायचाच नाही. म्हणजे इथेही तोतयाच, फक्त माणसाचा नाही, यंत्राचा.

२०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवलं. ते मुख्यतः कार्ड घेऊन पैसे काढणाऱ्या साखळीतले. त्यांना 'हॅकर' म्हणणं म्हणजे पालखीच्या भोयाला महाराज म्हणणं. हस्तक म्हणा.

उरणकर
कारखान्याच्या बातमीला 'खंडणी' सुचवणार असाल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. जून २०१७ मध्ये आमच्या जेएनपीटी बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल बंद पडलं. ते चालवणाऱ्या डेन्मार्कच्या कंपनीचे जगभरचे संगणक 'नॉटपेट्या' नावाच्या विषाणूने बंद पाडले होते. पडद्यावर पैशांची मागणी होती, म्हणून सगळ्यांनी खंडणी लिहिलं. पण खंडणी भरली की माणूस सुटतो, एवढा तरी त्या धंद्यात शब्द पाळतात. इथे पैसे भरूनही काही परत मिळायची सोयच ठेवली नव्हती. रोख होता युक्रेनवर. पुढच्या वर्षी ब्रिटन-अमेरिकेने रशियाच्या लष्कराचं नाव घेतलं. मागणी हा नुसता बुरखा, आतून तो घातपात होता. उरणचा युक्रेनशी काय संबंध? पण गव्हाबरोबर किडे रगडले गेले.

जुनं खोड
आता माझे पेंढारी. फौजेबरोबर हिंडायचे, पगार नाही, लुटीवर पोट. सरदाराला विचारलं तर 'ते आमचे नव्हेत'. सरकारी आशीर्वादाने चोऱ्या करणाऱ्यांना याहून चपखल शब्द आणा बघू. २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर गेले, त्यात अमेरिकेने उत्तर कोरियाच्या माणसावर आरोप ठेवला.

उरणकर
त्यातही घोळ आहे. तिथे लूट सरकारी तिजोरीसाठीच केल्याचा आरोप आहे. पेंढारी स्वतःसाठी लुटायचे. नॉटपेट्या तर सरळ फौजेचंच काम.

जुनं खोड
बरं, पन्नास टक्के पेंढारी.

माग काढणारी
मुद्रितशोधकांच्या वतीने एक: त्याच बांगलादेश प्रकरणात श्रीलंकेला निघालेले २ कोटी डॉलर अडकले, कारण चोरांनी 'फाउंडेशन'चं स्पेलिंग 'फॅन्डेशन' केलं होतं. शुद्धलेखनाला नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

कीसकाढू
आणि दुसऱ्याने बनवलेली हत्यारं चालवून फुशारकी मारणारी पोरं? कॉलेजवाला बहुधा तसलाच निघेल, ताईंचा शर्विलक वगैरे नाही. 'आयत्या बिळावर नागोबा'?

व्हीएपीटीवाला
नागोबा बिळात राहतो तरी. हे 'आयत्या पिठावर रेघोट्या' वाले.

रात्रपाळी
सगळ्यांचे आभार. 'हॅकर'ला एक शब्द शोधत होतो, आता सात मिळालेत. इंग्रजीवाले फक्त माणूस आत कसा शिरला ते सांगून मोकळे होतात. आपले शब्द तो आत जाऊन काय करत होता, ते विचारतात. शब्द एकच हवा ही माझीच चूक होती, असं वाटतंय.

कारखान्याला 'खंडणीसाठी संगणक कुलूपबंद' दिलं. उरणकर, पोलिसांकडून खात्री करून घेतली, पैसे भरलेल्या दुसऱ्या एकाला किल्ली मिळाली होती. कॉलेजच्या पोराला 'उपद्व्याप' दिलं. वृत्तसंपादकांनी ते कापून 'हॅक'च ठेवलं. एका स्तंभात चार अक्षरी शब्द मावत नाही म्हणे.

मास्तरांच्या बातमीला मात्र मनासारखा मथळा गेला: 'निवृत्त शिक्षकाचा फेसबुकवर तोतया'. आज सकाळी साडेसातला मास्तरांचा फोन. म्हणाले, "षष्ठी विभक्ती लावलीस, त्यामुळे तोतया माझा पोरगा वाटतोय."