चढाला लागलं की चेन उडते. मदत हवी आहे

चढउतार
साताऱ्यात रोज समर्थ मंदिर ते एमआयडीसी सायकलने जातो. सकाळी काही त्रास नाही, उतारच आहे. संध्याकाळी पोवई नाक्यावरून वर यायला लागलो की जोर देताच 'खट्' आणि पाय एकदम खाली. काल देवी चौकात गुडघा हँडलवर आपटला, वर मागचा रिक्षावाला माझ्यावरच ओरडला. दुकानदार म्हणतो, तुम्हाला सवय नाही. उद्या परत जायचंय, लवकर सांगा.

गोडोलीकर
सायकल साधी की गियरची? चेन खाली पडते की जागेवरच उडी मारते?

बंडूनाना
वरच्या रस्त्याने कशाला येता? खालच्या रस्त्याने या. आम्ही साध्या सायकलवर डबलसीट राजवाड्यापर्यंत यायचो.

चढउतार
नाना, रस्ता नाही विचारला. गियरची आहे, मागे 7. पडत नाही, उडी मारते.

विजेरी
ई-सायकल घ्या. 250 वॉट आणि ताशी 25 किमीच्या आतली असेल तर लायसन नको, पासिंग नको. शर्ट कोरडा राहतो.

गोडोलीकर
माणसाची चेन उडतेय आणि तुम्ही सायकलच बदलायला सांगताय! बॅटरी संपली की ते धूड ढकलणार कोण?

विजेरी
रात्री चार्जिंगला लावायचं असतं, साहेब.

कृष्णाकाठ
आम्ही सांगलीकर. आमच्याकडे चढ म्हणजे आयर्विन पूल. चालू द्या तुमचं.

दोनचाकी
सगळ्याच गियरला उडते का? चेन किती जुनी?

चढउतार
चेन नवीकोरी आहे, मागच्याच आठवड्यात टाकली. म्हणून तर चेनचा प्रश्नच नाही. मी कायम चौथ्यावर असतो, चढाला फार तर तिसरा. पहिला कधी लागलाच नाही.

दोनचाकी
अहो, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, जुनंच ठेवलंय ना? जुन्या ताणलेल्या चेनबरोबर त्याचे दातेही झिजलेत. नवी चेन त्यात नीट बसत नाही, जोर आला की दात्यावर चढते. चौथ्याचे दाते जवळून बघा, एका बाजूला कललेले दिसतील. पहिली चकती वापरलेलीच नाही, तिच्यावर उडणार नाही. जुनी चेन असेल तर एका पिनेपासून पुढच्या 24 पिना मोजा. नवीची लांबी बरोबर 12 इंच भरते. त्यावर एक सूत (इंचाचा आठवा भाग) वाढलं असेल तर फ्रीव्हीलही गेलं समजा.

सदाफिरती
यवतेश्वर घाट चढायचा असेल तर पहाटे निघा. कासला फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवार टाळा.

गोडोलीकर
त्यांना घरी जायचंय हो, कासला नाही.

चढउतार
आज पहिल्यावर टाकून आलो. कमानी हौद गेला, मोती चौक गेला, एकदाही खट् नाही. दाते पाहिले, चौथ्याचे शार्क माशासारखे झालेत. जुनी चेन दुकानदाराने भंगारात टाकली. आता नवीन फ्रीव्हील घ्यायचंच तर सगळ्यात मोठी चकती 28 ऐवजी 34 दात्यांची असलेलं बसेल का?

दोनचाकी
चढाला पॅडल जवळजवळ पाचवा हिस्सा हलकं होईल. पण मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवतो तो) 34 घेतो का ते आधी बघा. चेनही लांब लागेल, नवी टाकलीय ती बहुतेक कमी पडेल.

चढउतार
म्हणजे परत चेन?

बंडूनाना
आमच्या वेळी गियरच नव्हते.