गो बांधायला आधी गोच हवं?

टर्मिनलवाला:
रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर (६४ बिट) गो या प्रोग्रामिंग भाषेची १.२४ आवृत्ती सोर्समधून बांधतोय, म्हणजे मूळ कोडपासून कंपाइल करतोय. दुसऱ्याने कंपाइल केलेल्या तयार बायनरीला हात लावायचा नाही, हे ठरवूनच बसलोय. ऑल डॉट बॅश ही बांधणीची स्क्रिप्ट चालवली तर सुरुवातीलाच अडलं: गोरूट_बूटस्ट्रॅप या व्हेरिएबलमध्ये १.२२.६ किंवा त्यापुढचं चालू गो दाखवा म्हणे. अहो, ते असतं तर ही उठाठेव कशाला केली असती? जीसीसी (सी भाषेचा कंपाइलर) आहे, त्यावर भागणार नाही का?

डेबियनकर:
ॲप्टने (डेबियनच्या पॅकेज इन्स्टॉलरने) गो टाका आणि मोकळे व्हा.

जुनी_मेकफाइल:
डेबियनकर, प्रश्न तरी वाचा. शिवाय बुकवर्मवर (डेबियन १२) ॲप्टने १.१९ येतं, तेही अपुरंच.

जीसीसीवर भागतं, पण थेट नाही. गोचा कंपाइलर १.४ पर्यंत सीमध्ये होता; २०१५ मध्ये १.५ आलं तेव्हापासून तो गोमध्येच आहे. म्हणजे जीसीसीने १.४ बांधा, त्याने १.१७.१३, त्याने १.२०.६, त्याने १.२२.६, मग १.२४. साधं १.४ नको, '१.४-बूटस्ट्रॅप-२०१७१००३' हा टारबॉल (फाइलींचा गठ्ठा) घ्या. सीगो_एनेबल्ड हे व्हेरिएबल (गोमधून सी कोड वापरण्याची सोय) शून्य ठेवा आणि ऑलऐवजी मेक डॉट बॅशच चालवा, टेस्टच्या नादी लागू नका.

खरी गोम वेगळीच आहे. १.४ ला एआरएम६४ (पायच्या प्रोसेसरचा प्रकार) ठाऊकच नाही, त्यामुळे पायवर पहिलीच पायरी चढता येत नाही. हे सगळं इंटेलच्या लॅपटॉपवर करा. तिथं गोओएस (कुठली सिस्टिम) लिनक्स, गोआर्च (कुठला प्रोसेसर) एआरएम६४ देऊन बूटस्ट्रॅप डॉट बॅश चालवलं की गो-लिनक्स-एआरएम६४-बूटस्ट्रॅप नावाचं फोल्डर मिळतं. ते पायवर नेऊन गोरूट_बूटस्ट्रॅपमध्ये त्याचा पत्ता द्या.

टर्मिनलवाला:
लॅपटॉपवर १.२४ झालं! पण स्क्रीनवर टूलचेन१, २, ३ (कंपाइलर वगैरे साधनांचे संच) येतं. तेच ते तीनदा कशाला?

जुनी_मेकफाइल:
पहिली जुन्या गोने बांधलेली, म्हणून तिचा मशीन कोड जुन्या कंपाइलरचा. दुसरी पहिलीने बांधलेली. कोड नवा, पण बिल्ड आयडी (बांधणीचे ओळख क्रमांक) अजून पक्के नसतात. ते तिसरीत बसतात.

बायनरीचा एवढा संशय आहे ना, मग मेक डॉट बॅशला डिस्टपॅक हा फ्लॅग द्या. पीकेजी/डिस्टपॅकमध्ये टारबॉल पडेल. १.२१ पासून गोचा बिल्ड कुठल्याही बूटस्ट्रॅपने केला तरी बिट न् बिट सारखा निघतो. त्या टारबॉलचा एसएचए२५६ (फाइलचा ठसा) डाउनलोड पानावरच्याशी ताडून बघा.

टर्मिनलवाला:
जुळला!